एका वेळी एकच काम, तेही शेवटून: दिव्यांग लहान मुलांना स्वतःची कामं आणि झोपेची सवय लावताना

मूल चड्डी घालत नाही, शू सांगत नाही, रात्री बारापर्यंत जागं असतं. मग एखाद्या सोमवारी घरातले सगळे कंबर कसतात. डायपर बंद, चमचा हातात, साडेआठला दिवे बंद. गुरुवारपर्यंत आई रडकुंडीला येते, आजी म्हणतात, "लहान आहे अजून, होईल आपोआप," आणि सगळंच बारगळतं. अशा घरांत मुलाची कुवत क्वचितच आड येते. चुकतो तो क्रम. काय आधी, काय नंतर आणि आपण कुठे हात काढून घ्यायचा, हे ठरलेलंच नसतं.

पुढचे टप्पे साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता, ऐकण्याची किंवा दृष्टीची अडचण असलेल्या. मूल आठ वर्षांचं असेल आणि आता सुरुवात करत असाल तरी क्रम हाच.

## टप्पा १: आधी दुखणं शोधा

शिकवणी सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना या गोष्टी स्पष्ट विचारा. "झोपत नाही हो डॉक्टर" एवढंच सांगितलं तर अर्धी माहिती तुमच्याजवळच राहते.

- बद्धकोष्ठता. शी कडक आहे का, किती दिवसांनी होते? आत खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ शी चड्डीत गळते आणि घरचे त्याला जुलाब समजून ते थांबवायचं औषध देतात. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब आणतं, म्हणून शूही सुटते. हे बरं झाल्याशिवाय पॉटीचं नाव काढू नका.
- घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, झोपेत श्वास अडकणं. डाउन सिंड्रोम असेल तर घोरत नसलं तरी चार वर्षांपर्यंत स्लीप स्टडी (झोपेत श्वास नीट चालतो का, हे बघणारी तपासणी) करून घ्यावी, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे.
- झोपेत पाय सतत हलवणं. शरीरात लोह कमी असेल तर असं होतं. रक्ततपासणीबद्दल विचारा.
- दात, कान, आम्लपित्त, अंगाची खाज. बोलता न येणारं मूल दुखणं सांगत नाही, ते रात्री उठून बसतं.
- फिट्स आणि त्यांची औषधं. औषधाची वेळ बदलल्याने झोप बदलू शकते, पण ती वेळ स्वतःच्या मनाने बदलायची नाही.

सावधान: झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप देऊ नका. मेलाटोनिन हे झोपेसाठीचं औषधही डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि सांगितलं तेवढंच.

## टप्पा २: चार दिवस नुसतं लिहा

शाळेची शंभर पानी वही पुरते. चार दिवस काहीही बदलायचं नाही. उठण्याची वेळ, दुपारची झोप, रात्री डोळा लागल्याची खरी वेळ (अंथरुणावर टाकल्याची नव्हे), शू, शी, जेवण. शूसाठी दर अर्ध्या तासाने डायपर किंवा चड्डी तपासा आणि कोरडी का ओली ते लिहा.

हा टप्पा सगळ्यांना वेळ घालवणारा वाटतो आणि सगळे गाळतात. पण "दर पाच मिनिटांनी शू करतो" म्हणणाऱ्या घरातही वही लिहिली की दुपारी दीड तासाची कोरडी फट सापडते. शिकवणी कधी करायची ते ती फट सांगते.

## टप्पा ३: एक काम निवडा, बाकीच्यांना हात लावू नका

निवडताना तीन प्रश्न. हे काम दिवसातून निदान दोनदा होतं का? मूल त्यातलं थोडंसं तरी आत्ता करतं का? रोज तेच माणूस, त्याच वेळी, शांतपणे शिकवू शकेल का? तिसऱ्याचं उत्तर "सकाळी" असं येत असेल तर पुन्हा विचार करा. सकाळी पाणी येतं, डबे असतात, आठ सतराची लोकल असते. त्या घाईत मूल शिकत नाही आणि तुम्हीही शिकवत नाही. संध्याकाळी बाहेरून आल्यावरचं हातपाय धुणं किंवा रात्रीचे कपडे बदलणं ही सुरुवातीची चांगली कामं.

कपड्यांत काढणं आधी, घालणं नंतर. काढणं सोपं असतं.

टॉयलेटचं काम निवडत असाल तर एक मुंबईचा सल्ला: जुलै-ऑगस्ट टाळा. पावसात दिवसाला आठ चड्ड्या वाळत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी नाइलाजाने डायपर परत येतं. ऑक्टोबरनंतर सुरू करा.

## टप्पा ४: जागा आणि वस्तू

एका खोलीच्या घरात "बाथरूमचा कोपरा", "झोपेची खोली" अशी चैन नसते. तरी प्रत्येक कामाला ठरलेली जागा देता येते: कपडे नेहमी कपाटाच्या बाजूच्या स्टुलावर, दात मोरीच्या उंबऱ्यापाशी, झोप त्याच भिंतीकडे.

बसलेलं मूल पडण्याच्या भीतीत असेल तर हात कामाला देत नाही. पाय जमिनीला टेकलेले हवेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पाठीवर आडवं टाकून कपडे घातले की बऱ्याचदा अंग ताठ होतं. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून किंवा कुशीवर घेऊन बघा. एक हात जास्त कडक असेल तर घालताना तो हात आधी, काढताना तो शेवटी.

क्रम कळावा म्हणून चित्रं लावतात, पण ती सगळ्यांसाठी नाहीत. चित्राचा अर्थ न लागणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या मुलाच्या हातात वस्तूच द्या: टॉवेल म्हणजे आंघोळ, ब्रश म्हणजे दात, त्याचीच छोटी उशी म्हणजे झोप. वस्तू दरवेळी तीच हवी.

सावधान: भरलेली बादली किंवा पिंपाजवळ मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका, फिट्स येत असतील तर मुळीच नाही. बेल वाजली तर मूल कडेवर घेऊन दाराशी जा.

## टप्पा ५: तुकडे पाडा आणि शेवटचा तुकडा आधी शिकवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. चड्डी घालणं हे काम घेऊ. एक माप मोठी, सैल इलॅस्टिकची चड्डी घ्या; नाडी, बटण, चेन नको. मूल बुटक्या स्टुलावर. तुम्ही त्याच्या मागे बसा. समोर बसलात तर तुमचा हात त्याच्यासाठी उलटा पडतो आणि ते कपड्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघतं.

तुकडे असे:

1. पुढची बाजू वर येईल अशी चड्डी धरणं
2. एक पाय घालणं
3. दुसरा पाय घालणं
4. गुडघ्यांपर्यंत ओढणं
5. उभं राहणं
6. मांड्यांपर्यंत ओढणं
7. कमरेवर चढवणं

बहुतेक घरी पहिल्या तुकड्यापासून सुरुवात होते. मूल एक पाय घालतं, वैतागतं, उरलेलं आई भरभर उरकते. मुलाच्या वाट्याला काय आलं? अवघड सुरुवात आणि मध्येच हिसकावलेलं काम.

उलटं करा. पहिले सहा तुकडे तुम्ही करा, न बोलता. चड्डी कमरेखाली चार बोटं राहू द्या. मुलाचे दोन्ही अंगठे इलॅस्टिकच्या आत घाला, वरून तुमचे हात, आणि एकदम वर. "झालं!" लगेच त्याला आवडतं ते: उचलून गरकन फिरवा, गाडी द्या, गॅलरीत न्या. काम त्याच्या हाताने संपलं, हे त्याला कळलं पाहिजे.

हमखास अडतं ते इथे: मूल दोन्ही हातांनी फक्त पुढून ओढतं आणि चड्डी मागे ढुंगणावर अडकते. पालकांना वाटतं जोर कमी पडतोय. तसं नसतं, एक हात मागे न्यायचा असतो, हेच त्याला ठाऊक नसतं. एक अंगठा पुढे, एक मागे, असे तुम्ही लावून द्या.

सातवा तुकडा सलग तीन दिवस मदतीशिवाय जमला की सहावा आणि सातवा मिळून त्याचे. मग पाचवा. असं मागे मागे सरकत जायचं. हात धुण्यात शेवटचा तुकडा म्हणजे नॅपकिनला हात पुसणं, जेवणात म्हणजे भरलेला चमचा तोंडाजवळून तोंडात नेणं. शिकवायला घट्ट वरणभात घ्या, पातळ आमटी चमच्यावर टिकत नाही.

सावधान: भरवताना मान मागे टाकू नका. मूल सरळ बसलेलं, हनुवटी किंचित खाली. जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, तर स्वतः जेवायला शिकवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

## टप्पा ६: मदत काढून घेणं

तोंडाने दिलेली मदत सर्वांत चिकट असते. "घाल, घाल बाळा, पाय घाल, अरे पाय!" याची सवय लागली की पाचव्या वर्षीही मूल कुणीतरी बोलेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहतं. सूचना एकदाच, दोन शब्दांत: "चड्डी घाल." मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. काही मुलांना ऐकलेलं हातापर्यंत पोचायलाच तेवढा वेळ लागतो. नाही झालं तर पुन्हा न बोलता हाताने मदत करा.

हाताची मदत हळूहळू वर सरकवत न्या: आधी त्याच्या हातावर हात, मग मनगटाला, मग कोपराला नुसता स्पर्श, मग खांद्याला, मग काहीच नाही.

तपासा: गेल्या आठवड्यात तुमचा हात जिथे होता तिथेच आजही आहे का? असेल तर मूल अडलेलं नाही, तुम्ही हात काढायला विसरलात.

दात घासण्याचं थोडक्यात. टूथपेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत मटाराएवढी. ब्रश सहन होत नसेल तर काही दिवस ओठांना, मग पुढच्या दातांना, पाच आकडे मोजेपर्यंतच. "पाच" म्हटल्यावर ब्रश खरोखर बाहेर काढा. एकदा फसवलंत तर पुढचा महिना गेला. मुलाने स्वतः घासलं तरी शेवटी मोठ्यांनी एकदा फिरवायचंच.

## टप्पा ७: शू आणि शी

वहीत दिवसा एक-दीड तासाच्या कोरड्या फटी दिसत असतील तरच सुरुवात करा. नसतील तर महिन्याभराने पुन्हा लिहा.

1. वहीतल्या शूच्या वेळेआधी पाच-दहा मिनिटं न्या. शीसाठी जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात.
2. "शू आली का?" असं विचारू नका, उत्तर "नाही"च येतं. "चल, शू," म्हणा आणि न्या. शब्द घरात एकच. बोलत नसेल तर एक खूण.
3. तीन ते पाच मिनिटं बसवा. मोबाइल नको, नाहीतर बसणं म्हणजे व्हिडिओ हीच सवय लागते.
4. पाय टेकलेले. उकिडवं बसता येत नसेल तर मध्ये भोक असलेली पाठीची खुर्ची.
5. झाली तर लगेच आनंद. नाही झाली तर काही न बोलता उठवा.
6. चड्डीत झाली तर ओरडा नको, लाडही नकोत. मुलासोबतच मोरीत जा, धुवा, बदला, संपलं.

शी फक्त डायपरमध्येच करणारी मुलं असतात. त्यांना एकदम डायपर बंद केलं तर ती शी धरून ठेवतात आणि पुन्हा बद्धकोष्ठता. आधी डायपर घालूनच मोरीत उभं राहू द्या, मग डायपरसकट पॉटीवर, नंतर डायपर सैल करत न्या.

चाळीत सामाईक संडास असेल तर शिकवणी घरातल्या पॉटीवरच करा. रांग, ओली फरशी, अंधार आणि शेजारच्या दाराचा धडाम आवाज हे सगळं एकदम झेपत नाही. तिथली ओळख नंतर, गर्दी नसलेल्या वेळी, नुसतं आत जाऊन बाहेर येण्यापासून. जेट स्प्रेला घाबरणाऱ्या मुलासाठी टमरेल आणि कोमट पाणी. मुलींना धुताना, पुसताना पुढून मागे.

रात्रीचं डायपर राहू द्या. रात्र कोरडी राहणं शिकवून येत नाही, ते बरंच नंतर येतं.

## टप्पा ८: झोप सकाळी सुरू होते

झोपेसाठी सगळे रात्रीशी झगडतात. रात्रीचं शेवटी बघू.

क. उठण्याची वेळ पक्की करा. रात्री कधीही झोपलेलं असो, सकाळी त्याच वेळी उठवायचं, रविवारीही. उठल्यावर लगेच उजेड: खिडकी, गॅलरी, गच्ची. ज्या मुलांना उजेडाची जाणीवच नाही त्यांचं शरीराचं घड्याळ रोज थोडं सरकत जाऊ शकतं. त्यांच्याबाबत डॉक्टरांशी वेगळं बोला.

ख. झोपेची बेरीज करा. दुपारची धरून चोवीस तासांत एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. दुपारी तीन तास झोपलेल्या चार वर्षांच्या मुलाने रात्री नऊला झोपावं ही अपेक्षाच चुकीची आहे. दुपारची झोप तीनच्या सुमाराला संपवा.

ग. चार कामांची साखळी. शू, दात, कपडे, अंथरूण. क्रम रोज तोच, अर्ध्या तासात संपणारा. मोबाइल आणि टीव्ही त्याआधी तासभर बंद. पण एका खोलीत आजींची मालिका साडेआठला असते, ती कुणी बंद करायची? भांडण नको. आवाज कमी, मुलाचं अंथरूण टीव्हीकडे पाठ होईल असं, मध्ये दोरीवर जाड चादर. पंख्याचा एकसुरी आवाज बाहेरचे हॉर्न बराच झाकतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला दिवा गेला की खुणाही दिसत नाहीत. त्याच्याशी जे बोलायचं ते दिवा घालवण्याआधी संपवा आणि झिरोचा बल्ब ठेवा.

घ. आधी उशिरा, मग हळूहळू लवकर. मुलाचा डोळा अकराला लागतो असं वही सांगत असेल, तर नऊला आडवं पाडून दोन तास कुस्ती करू नका. अंथरुणावर सव्वाअकरा-साडेअकराला न्या, म्हणजे ते पंधरा मिनिटांत झोपेल. दोन-तीन रात्री असं झालं की वेळ पंधरा मिनिटं आधी आणा. पुन्हा दोन-तीन रात्री. सकाळची वेळ मात्र हलवायची नाही, नाहीतर काहीच होणार नाही.

सावधान: फिट्स येणाऱ्या मुलावर हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. जागरणाने फिट येऊ शकते.

ङ. झोप कशावर लागते ते बघा. मांडीवर थोपटून झोपलेलं मूल रात्री दोनला अर्धवट जागं झालं की मांडीच शोधतं. मुलाला जवळ घेऊन झोपण्यात काही गैर नाही. आपल्याकडे घरंच तशी आहेत, वेगळ्या खोलीचा सल्ला सोडून द्या. फक्त डोळा लागण्याच्या क्षणी ते अंथरुणावर हवं. थोपटणं कमी करत नुसता हात ठेवा, मग शेजारी पडून राहा, मग हातभर लांब. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. दात किडतात आणि आडव्या मुलाला ठसका लागू शकतो.

च. रात्री उठलं तर कंटाळवाणे व्हा. मोठा दिवा नाही, गप्पा नाहीत, खाऊ नाही. पाठीवर हात, "झोप," एवढंच. पहिल्या काही रात्री रडणं वाढतं. सगळे इथेच माघार घेतात. तिसऱ्या रात्री मोबाइल दिलात तर मूल शिकतं की तीन रात्री रडावं लागतं. शेजारचे भिंत ठोकतील अशी भीती असेल तर आधीच सांगून ठेवा. माणसं समजून घेतात. नेहमीपेक्षा वेगळं, कळवळून रडत असेल किंवा ताप असेल तर नियम बाजूला ठेवून मुलाकडे बघा.

बाबा साडेदहाला विरारहून येतात आणि मूल आनंदाने टणकन उठतं, ही बऱ्याच घरांतली गोष्ट. बाबांना बंदी करून भागत नाही, मूल वाटच बघत असतं. बाबांच्या वाट्याला सकाळ द्या: उठवणं, गॅलरी, दात. रात्री आले की दारातली बेल नको, किल्ली.

## टप्पा ९: घरातले सगळे आणि गणपती

भिंतीवर एक कागद लावा: काम, सूचनेचे दोन शब्द, मुलाचा तुकडा कोणता, आपला हात कुठपर्यंत. आजी, मावशी, सांभाळणाऱ्या ताई, बालवाडीच्या बाई सगळ्यांसाठी तोच. आजींना "लाड करू नका" म्हटलं की त्या दुखावतात. "आई, शेवटचं ओढणं त्याच्यासाठी राखून ठेवा," असं सांगा, त्या नक्की ठेवतात.

गणपतीत, लग्नात, आजारपणात गाडी घसरणारच. नवीन काही शिकवू नका. उठण्याची वेळ आणि झोपेआधीची चार कामं एवढं सांभाळा, बाकी सोडा. पाहुणे गेल्यावर मूल दोन तुकडे मागे गेलेलं दिसलं तर तिथूनच पुढे चालू करा.

## अडलं तर कुठे

दोन-तीन आठवडे नेटाने करूनही एक तुकडाही पुढे सरकत नसेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं करायला शिकवणारे तज्ज्ञ) वही दाखवा. ती दाखवली की "घरी करतो का?" या प्रश्नावर भेट वाया जात नाही. मुंबईत हाजी अली इथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तर ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत बालरोग ओपीडीतून थेरपीकडे पाठवतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. १ लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो, म्हणून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम लांबणीवर टाकू नका.

## दुसरं काम कधी घ्यायचं

पहिलं काम मूल तीन वेगळ्या माणसांसोबत आणि निदान एका वेगळ्या घरी, मामाकडे किंवा पाळणाघरात, करून दाखवतं का? आईसमोर, घरच्याच स्टुलावर, त्याच निळ्या चड्डीत जमतंय तोवर ते अर्धंच झालंय. चड्डी बदला, स्टूल बदला, माणूस बदला. तिथेही जमलं की वहीचं नवं पान काढा आणि पुन्हा चार दिवस नुसतं लिहा.